सूलव्हन चढायला जाताय? मग या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या सूलव्हन डोंगराची उंची ७३१ मीटर आहे आणि नेमका हाच आकडा आपल्या मंडळींना फसवतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हा डोंगर तिच्या निम्म्याएवढापण नाही, मग काय, आरामात नाश्ता करून निघू, दोन-अडीच तासात वर, चारपर्यंत खाली, असं प्लॅनिंग मी स्वतः केलेलं आहे. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. शिखर सोडाच, खिंडीपर्यंतसुद्धा पोचलो नाही आणि रात्री सव्वाआठला पाच जणांत दोन टॉर्च घेऊन गाडीपाशी आलो. नंतर दुसऱ्यांदा गेले, वर पोचले पण ढगात काही दिसलं नाही, आणि तिसऱ्यांदा सगळं स्वच्छ दिसलं. गेल्या दोनेक वर्षांत लंडन, लीड्स, एडिनबरा कुठून कुठून ओळखीचे लोक विचारायला लागलेत की सूलव्हन कसा करायचा, आणि प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये मला आमच्याच चुका दिसतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी डोंगर कुठला ते सांगते. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला सदरलँडमध्ये असिंट नावाचा भाग आहे, इन्व्हरनेसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, उलापूल गावावरून जायचं. लॉखिन्व्हर हे समुद्रकाठचं छोटं बंदराचं गाव, आणि त्याच्या मागे उघड्या माळावर हा एकटा उभा. गावातून बघितलं तर शिवपिंडीसारखा गोल घुमट दिसतो, आणि पूर्वेकडून एल्फिन गावाच्या बाजूने बघितलं तर टोकदार सुळका. खरं तर तो दोन्ही नाही, साधारण दोन किलोमीटर लांबीची एक अरुंद धार आहे जिची दोन टोकं आपल्याला वेगवेगळी दिसतात. खालचा माळ लुईशियन नाइस नावाच्या दगडाचा, तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुना, आणि त्याच्यावर सूलव्हन बसलाय तो टॉरिडोनियन वालुकाश्माचा, तो साधारण शंभर कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यांच्यापुढे लहान बाळच. पण थर मात्र तसेच, कातळाचे आडवे पट्टे आणि मधून गवताच्या पट्ट्या, त्यामुळे पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एकदम घरचं वाटलं, आणि घरचं वाटलं म्हणूनच आम्ही गाफील राहिलो.

उंची बघून दिवस ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघतात. स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांच्या वरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात, सूलव्हन त्यात बसत नाही, तो ग्रॅहम नावाच्या त्याखालच्या यादीत आहे, म्हणून लोकांना वाटतं सोपा असणार. पण गाडी लावायची जागा जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, आणि डोंगराचा पाया तिथून सहा-सात किलोमीटर आत. जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर होतात, धारेवरचे चढ-उतार धरून एकूण चढ ८०० मीटरच्या वरच जातो.

हिशोब करायची सोपी पद्धत आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम दिला होता, आजही इथले लोक तोच वापरतात. ५ किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे २० किलोमीटरचे चार तास आणि चढाईचे जवळजवळ दीड, झाले साडेपाच. पण हा नियम फिट माणसाचा, न थांबता चालण्याचा, आणि बरी वाट धरून केलेला. त्यात चिखल, घळीतला चढ, धारेवर हात लावून चढायच्या जागा, डबा खाणं, फोटो, कुणाच्या तरी पायाला आलेला फोड हे सगळं टाका म्हणजे सात ते नऊ तास होतात. ग्रुपमध्ये कुणी पहिल्यांदा येत असेल तर नऊच धरा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो सप्टेंबरचा मधला आठवडा होता. इन्व्हरनेसला मुक्काम, सकाळी सावकाश उठणं, वाटेत उलापूलला कॉफी, असं करत करत पावणेअकराला चालायला सुरुवात केली. वाटेवरच्या बॉथीत, म्हणजे डोंगरातल्या उघड्या खोलीत, बसून डबा खाल्ला त्यात पाऊण तास गेला आणि खिंडीकडे चढणाऱ्या घळीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. समोर फक्त एक खडा चढ दिसत होता, सगळे म्हणाले आता इतके आलोय तर जाऊच. तिथे माझ्या दिराने घड्याळ दाखवून सांगितलं की वर जाऊन इथे परत यायला तीन तास, आणि इथून गाडीपर्यंत आणखी तीन-साडेतीन, म्हणजे रात्रीचे दहा. सप्टेंबरच्या मध्यात तिथे पावणेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याचं ऐकलं हे त्या दिवशी आमच्याकडून घडलेलं एकमेव शहाणपण.

त्यामुळे मुक्काम लॉखिन्व्हरमध्ये किंवा जवळपास करा, आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून या. मी सप्टेंबरसाठी असं धरते की सकाळी आठला चालायला लागायचं आणि दुपारी एकपर्यंत खिंडीत नसलो तर मागे फिरायचं, मग शिखर कितीही जवळ दिसो. ही वेळ ग्रुपमधल्या प्रत्येकाला आदल्या रात्री सांगा. डोंगरात उभं राहून हा निर्णय घ्यायला गेलं की वाद होतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

जूनमध्ये मात्र मजा आहे, साडेदहापर्यंत सूर्य असतो आणि नंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने मे-जूनच निवडावा. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. थंडीत बर्फ असेल तर आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) लागतात आणि ते वापरता यावे लागतात, तो वेगळाच विषय, मी इथे फक्त उन्हाळ्याचंच बोलतेय.

पावसाळी ट्रेकचे कपडे

आपल्याकडे पावसात भिजणं ही ट्रेकची मजा असते. राजमाचीला चिंब भिजलो, खाली येऊन गरम भजी खाल्ली, कपडे बदलले, संपलं. तिथे पाऊस असतो पण हवा उबदार असते. इथे जुलैतसुद्धा धारेवर पाच-सात डिग्री असू शकतं आणि वर वारा. उंचीमुळे गावापेक्षा चार-पाच डिग्री कमी होतातच, आणि ओल्या अंगाला वारा लागला की अजून थंड वाटतं. ओला कॉटन टीशर्ट अंगाला चिकटून बसतो आणि वाळतच नाही. जीन्स तर अजिबात नको. आमच्यातली एक मैत्रीण जीन्स घालून आली होती, तिसऱ्या किलोमीटरला सर आली, आणि मग दिवसभर ती ओली जड जीन्स ओढत चालली. परतताना ती थरथरत होती आणि नंतर बोलणं कमी झालं, विचारलेल्याला उशिरा उत्तर द्यायला लागली. तेव्हा आम्हाला कळलं नाही पण हे हायपोथर्मियाच्या, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान धोकादायक खाली जाण्याच्या, सुरुवातीचं लक्षण असू शकतं. थरथर, अडखळत चालणं, अडखळत बोलणं, चिडचिड किंवा एकदम गप्प होणं, यातलं काही दिसलं तर आडोसा शोधून थांबा, ओलं काढून कोरडं घाला, टोपी-हातमोजे चढवा, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी द्या. ब्रँडी वगैरे अजिबात नाही, दारूने शरीराची ऊब उलट जास्त लवकर जाते.

पोंचोचं पण सांगायला हवं कारण तो आपल्याकडून बरेच जण घेऊन येतात. सह्याद्रीत जंगलातल्या वाटेवर ठीक आहे, पण सूलव्हनच्या धारेवर वारा पोंचोच्या आत शिरतो आणि शीड होतं त्याचं, माणूस ढकलला जातो, आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. छत्रीबद्दल तर बोलायलाच नको. अंगाला बसणारं टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट, दोन्ही पाहिजेत. आत अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचा बेस लेयर, वर फ्लीस, आणि बॅगेत एक जास्तीचा गरम थर जो फक्त थांबल्यावर बाहेर काढून घालायचा. बॅगेचं रेन कव्हर वाऱ्यात उडून जातं, म्हणून आतल्या वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. हातमोजे दोन जोड, जुलै असला तरी, कारण ओल्या थंड दगडाला हात लावून चढायचंय.

बुटांचं थोडक्यात. घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या सोलचे. जिमचे शूज घालून गेलेले लोक मी बघितलेत, त्यातले काही वर पोचलेही असतील, पण ओल्या गवतावर उतरताना ते सोल धरत नाहीत.

चिखल चुकवायला बाजूने जाणं

पार्किंगच्या पुढे ग्लेनकॅनिस्प लॉज लागतं, तिथपासून पुढे बरीच वाट चांगली गाडीवाट आहे, चालायला एकदम सोपी. एका बाजूला कॅनिस्प नावाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सूलव्हन, मधे तळी. तळ्याला इथे लॉख म्हणतात, शेवटचा ख घशातून काढायचा. मग ‘लॉख ना गॅनिव्ह’च्या अलीकडे पूल ओलांडल्यावर उजवीकडे पाऊलवाट फुटते आणि तिथून माळ सुरू होतो. हा माळ म्हणजे पीट, हजारो वर्षं न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींचा काळा स्पंज. वरून गवत दिसतं आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. काही वर्षांपूर्वी स्थानिक लोकांच्या असिंट फाउंडेशनने आणि जॉन म्यूअर ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्थेने मिळून या वाटेचा सगळ्यात वाईट तुकडा दगड लावून दुरुस्त केला, त्याआधी लोक चिखल चुकवायला बाजूने जात जात वाट कित्येक मीटर रुंद करून बसले होते. मला या कामाचं फार मोल वाटतं, कारण ते दगड तिथे पोचवणं आणि त्या थंडीवाऱ्यात एकेक बसवणं सोपं नाही. म्हणून बांधलेली वाट असेल तिथे वाटेवरूनच चाला, आणि नसेल तिथेही चिखलातून सरळ जा, बूट ओले होणारच आहेत. गेटर्स, म्हणजे बुटाच्या वर पायाला गुंडाळायची आवरणं, घातले तर पँट वाचते. ट्रेकिंग पोल असेल तर शंका येईल तिथे आधी तो खुपसून बघा. एकदम चमकदार हिरवं शेवाळ दिसलं की तिथे पाय ठेवायचा नाही, खाली पाणी असतं.

हा सगळा भाग, म्हणजे सूलव्हन आणि आजूबाजूची ग्लेनकॅनिस्प इस्टेट, २००५ पासून असिंट फाउंडेशनच्या म्हणजे स्थानिक लोकांच्या मालकीचा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांना जबाबदारीने कुठेही चालायचा हक्क आहे, पण ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेपर्यंत हरणांच्या शिकारीचा मोसम जोरात असतो, तेव्हा लॉजजवळची सूचना वाचा आणि नेहमीची वाट सोडू नका.

खिंडीत चुकीच्या बाजूला वळणं

घळीचा चढ खडा आहे पण अवघड नाही, सैल दगड असतात म्हणून एकमेकांच्या बरोबर खाली राहू नका, आणि दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडा. वर पोचलं की ब्यालख मोर. ब्यालख म्हणजे गेलिक या इथल्या जुन्या भाषेत खिंड, मोर म्हणजे मोठी, थोडक्यात मोठी खिंड. इथे पोचल्यावर एकदम पलीकडचं सगळं उघडतं, दक्षिणेला तळ्यांचा सडा पडलेला असतो आणि त्याच्या पलीकडे स्टॅक पॉली नावाचा डोंगर, आणि त्या दृश्याच्या नादात माणूस दिशा विसरतो. दृश्य नसेल, ढग असेल, तर अजूनच.

मुख्य शिखर कॅश्चल लिया, म्हणजे करडा किल्ला, ते उजवीकडे, वायव्येला. डावीकडे म्याल मेअनाख नावाचं दुसरं टोक आहे, आणि तिकडची वाट बरीच कठीण आहे, उघड्या कड्यावरची चढाई, अनुभव नसलेल्याने तिकडे जाऊच नये. दुसऱ्या खेपेला मे महिन्यात आम्ही तिघेच होतो, सगळं वेळेत चाललेलं, साडेअकराला खिंडीत, आणि ढग इतका दाट की दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. डावीकडे मळलेली वाट दिसली आणि चालायला लागलो. वीसेक मिनिटांनी समोर ओला कातळ उभा राहिला, वाट वर कुठे जाते कळेना, नवऱ्याने एका खाचेत पाय पण अडकवला होता. मला काहीतरी बरोबर वाटेना म्हणून कंपास काढला तर आम्ही सरळ पूर्वेकडे चाललो होतो. होकायंत्र दिवसभर माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात होतं आणि खिंडीत पोचल्यावर ते बाहेर काढायचं सुचलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

तर खिंडीत पोचलात की हे करा. थांबा, पाणी प्या, जॅकेट चढवा, नकाशा आणि कंपास काढून बघा, आणि घळीतून वर आलात त्या तोंडाचा फोटो काढून ठेवा, कारण परतताना हीच जागा शोधायचीय आणि ढगात ती सहज चुकते. जीपीएसवर तिथे खूण करून ठेवा. मग उजवीकडे निघा. थोड्याच वेळात धारेला आडवी बांधलेली एक दगडी भिंत लागते, सुबक रचलेली, चुन्याशिवाय. इतक्या वर, दोन्हीकडे कडे असताना ही भिंत कुणी आणि कशासाठी रचली असेल, दरवेळी मी तिच्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहते. रायगडाच्या कुठल्यातरी तुटक्या तटाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. असो, भिंत लागली म्हणजे तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

पुढे एक-दोन जागा अरुंद आहेत, हात लावून चढायला लागतं, पण ज्याने हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय त्याला इथे काही वाटणार नाही. ज्याला उंचीची भीती वाटते त्याला मात्र वाटेल, त्याला खिंडीत थांबायचा पर्याय आधीच देऊन ठेवा, पण एकट्याला ठेवू नका.

शिखर मात्र आश्चर्याचं आहे. खालून इतका उग्र दिसणारा डोंगर आणि वर चक्क गवताचं गोल पटांगण. आणि इथेच अजून एक चूक होते, ढगात लोक त्या गवतावरून पुढे पुढे चालत जातात. पश्चिमेला गवत गोल वळत वळत खाली जातं आणि मग थेट कडा आहे. त्या टोकातून गावाकडे उतरायची वाट नाही. लॉखिन्व्हर समोर दिसतं, अगदी हाकेच्या अंतरावर वाटतं, पण आलात त्याच वाटेने खिंडीत परत यायचं आणि तिथून खाली.

हवामान फोनच्या साध्या अ‍ॅपवर बघणं

फोनवरचं अ‍ॅप लॉखिन्व्हर गावाचं हवामान सांगतं, समुद्रसपाटीचं. धारेवर वारा किती, ढग किती खाली, हे त्यात येत नाही. मौंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा नॉर्थ वेस्ट हायलँड्सचा अंदाज बघा, फुकट आहे, रोज येतो, आणि वाऱ्याचा चालण्यावर काय परिणाम होईल हे साध्या शब्दांत लिहिलेलं असतं. मेट ऑफिस म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, त्यांचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाजही बघा. मी पावसापेक्षा वाऱ्याला जास्त घाबरते. पावसात ओले होऊ पण चालू शकतो, धारेवर ताशी ३५-४० मैलांचे झोत असतील तर उभं राहणंच कठीण होतं. तेवढा आकडा दिसला तर मी त्या दिवशी सूलव्हन करत नाही.

मग काय करायचं, तर प्लॅन बी घेऊनच या. इतक्या लांब येऊन दिवस वाया जाईल या भीतीनेच लोक वाईट हवेत वर जातात. स्टॅक पॉली ६१२ मीटरचा आहे, रस्त्यालगतच पार्किंग, आणि त्याच्या टोकाच्या कातळावर न जाता नुसती भोवतीची फेरी केली तरी दोन-तीन तासांत होते. किंवा नुसतं सूलॅग बॉथीपर्यंत जाऊन या, ते पण मला फार आवडतं. आणि मुसळधार पाऊस असेल तर नॉकन क्रॅग हा कडा बघा, जुने दगड नव्या दगडांच्या वर कसे सरकून बसले हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

बॉथी म्हणजे डोंगरातली उघडी खोली, कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, नळ नाही, संडास नाही. सूलॅगची देखभाल मौंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक करतात. आपल्याकडे जशी देवळात रात्र काढतो तसंच समजा आणि तसंच वागा. कचरा सगळा परत न्या, संत्र्याच्या सालीसकट. मोठा ग्रुप घेऊन मुक्काम करू नका.

फक्त फोनवर भरवसा

वाटेवर बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. ऑनलाइन नकाशा उघडला तर कोरा चौकोन दिसतो, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा नकाशा आधी डाउनलोड करा आणि कागदी पण जवळ ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, पॉवर बँक घ्या, आणि ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही हे लक्षात ठेवा. हेडटॉर्च प्रत्येकाची स्वतःची, जूनमध्ये पण. दोन टॉर्चमध्ये पाच जण चालणं काय असतं ते आम्ही बघितलंय, मधल्या माणसाला स्वतःचीच सावली पायावर पडते आणि दगड दिसत नाही.

निघण्याआधी फोनवरून ९९९ ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढा एक शब्द मेसेज करून नोंदणी करून ठेवा. कॉल लागत नाही अशा ठिकाणीही कधीकधी मेसेज जातो, पण नोंदणी आधी केलेली असावी लागते. अपघात झाला तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू म्हणायचं, थेट अ‍ॅम्ब्युलन्स मागितली तर गोंधळ होऊ शकतो. फोन लागतच नसेल तर शिट्टीचे सहा आवाज, मग एक मिनिट थांबून परत सहा, रात्री टॉर्चने तसंच. असिंटची स्वतःची रेस्क्यू टीम आहे, सगळे स्वयंसेवक, आपापली कामं टाकून येतात, पैसे घेत नाहीत. म्हणून संकोचाने उशीर करू नका, आणि उगाच बोलवायची वेळ पण आणू नका. कुठे जातोय, किती वाजेपर्यंत फोन करू, हे घरी कुणालातरी लिहून द्या, आणि खाली आल्यावर त्यांना कळवायला विसरू नका.

चिलटं आणि गोचीड

मिज ही इथली चिलटं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, पण हजारोंनी येतात आणि चावतात. मे अखेर ते सप्टेंबर, वारा पडलेला असेल, आभाळ भरलेलं असेल, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. चालत असताना त्रास नाही, थांबलात की घेरतात. आम्ही बुटांची लेस बांधायला पार्किंगमध्ये थांबलो तेवढ्यात मान लाल झाली. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी दोन-चार पौंडांना मिळते, ती खिशातच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. मिजसाठी वेगळं रिपेलंट मिळतं ते लावा. थोडा जरी वारा असेल तिथे थांबा, वाऱ्यात त्यांना उडता येत नाही.

गोचीड मात्र कळतच नाही आणि तेच जास्त घातक, कारण इथल्या गोचिडातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. उंच गवतात आणि नेच्यांत असतात. पँट मोज्यात खोचा, फिक्या रंगाची असेल तर चालताना दिसतात. रात्री आंघोळीच्या आधी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला नीट बघा, मुलांच्या कानामागे पण. सापडला तर बारीक चिमट्याने किंवा गोचीड काढायच्या हुकाने कातडीला अगदी लागून धरून काढा. आपल्याकडे गावाला तेल-रॉकेल लावतात किंवा उदबत्तीचा चटका देतात, ते इथे अजिबात करू नका, त्याने गोचीड पोटातलं परत आपल्या रक्तात सोडू शकतो. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी पसरत जाणारा लाल डाग आला, किंवा फ्लूसारखा ताप आला, तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं स्पष्ट सांगा.

खाणं, आणि परतीचे दहा किलोमीटर

एक मोठा डबा घेऊन बसून खायचा ही आपली पद्धत इथे चालत नाही, थांबलं की माणूस गार पडतो. चपातीचे रोल, थेपले, खजूर, राजगिऱ्याचे लाडू असं जॅकेटच्या खिशात ठेवून तासातासाला चालता चालता खा. थर्मासमध्ये आलं घातलेला गोड चहा, त्याची खिंडीत जी चव लागते ती सांगता येत नाही. पाणी दोन लिटर, वाटेत ओढे आहेत पण हरणं सगळीकडे असतात, मी फिल्टर नेते.

लोक शिखरावर पोचले की ट्रेक झाला असं धरतात, आणि खरं तर अजून दहा किलोमीटर असतात. घोटे मुरगळतात ते उतरताना, घळीत आणि नंतर त्या सोप्या गाडीवाटेवर, जिथे पाय थकलेले असतात आणि लक्ष गप्पांत असतं. घळीच्या खाली आलात की पाच मिनिटं बसा, बुटातले खडे काढा, कुठे जळजळत असेल तर फोड यायच्या आधीच प्लास्टर लावा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे ठेवलं तर तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून निघालेले असतात, त्याला विश्रांतीच मिळत नाही.

आणि गाडीचं. पेट्रोल उलापूललाच भरून घ्या, पुढे पंप फार थोडे. रस्ते बऱ्याच ठिकाणी एकेरी रुंदीचे आहेत, मधे मधे गाडी बाजूला घ्यायला जागा केलेल्या असतात, त्या फक्त समोरून येणाऱ्याला किंवा मागून घाईत असलेल्याला वाट द्यायला. तिथे गाडी लावून फोटो काढायला जाऊ नका, गावातली माणसं, पोस्टाची गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स सगळे त्याच रस्त्याने जातात. ग्लेनकॅनिस्पचं पार्किंग लहान आहे आणि लॉजच्या साधारण एक किलोमीटर अलीकडेच आहे, लॉजपर्यंत गाडी न्यायची नाही. ते भरलं असेल तर गावात लावून वीस-पंचवीस मिनिटं चालत या, तो वेळ सकाळच्या हिशोबात आधीच धरून ठेवा. गाडीत कोरडे मोजे, चपला, एक टॉवेल आणि पाण्याची एक भरलेली बाटली ठेवून जा, आणि किल्ली बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, जो दिवसभर उघडायचा नाही.